कायद्याची पीएच.डी. आणि तालुका कोर्टाचं दप्तर

कायद्यात पीएच.डी. करायची म्हटलं की घरातून आणि बाररूममधून एकच प्रश्न येतो: वकिलीत त्याचा उपयोग काय? खरं उत्तर असं की थेट उपयोग फारसा नाही. सनद मिळायला ही पदवी लागत नाही, न्यायाधीश व्हायला लागत नाही, आणि नावामागे 'डॉ.' आहे का हे बघून कुणी पक्षकार वकीलपत्र देत नाही. तरीही विद्यापीठांच्या 'पेट' या पीएच.डी. प्रवेश परीक्षेला विधी विषय घेऊन बसणारे सगळ्या वयांचे असतात. नुकतीच एलएल.एम. झालेली मुलं-मुली असतात, तासिका तत्त्वावर शिकवणारे अध्यापक असतात, पंधरा-वीस वर्षं वकिली केलेले असतात, निवृत्तीला आलेले सरकारी अधिकारीही असतात. एवढी माणसं आयुष्याची पाच-सहा वर्षं ज्या कामाला देतात, ते काम नेमकं काय आहे, त्यासाठी काय लागतं आणि ते कुठे अडतं, याचा हा आढावा.

आधी या संशोधनाने काय साधतं ते पाहू. फेब्रुवारी १९६५ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतले जर्मन अभ्यासक डीट्रिश कॉनराड यांनी बनारस हिंदू विद्यापीठाच्या विधी शाखेत एक व्याख्यान दिलं. घटनादुरुस्तीच्या अधिकाराला काही गर्भित मर्यादा असतात का, हा त्यांचा प्रश्न होता. वायमार प्रजासत्ताकाची घटना आतून कशी पोखरली गेली, हे जर्मन माणसाला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. वकील एम. के. नंबियार यांनी हा युक्तिवाद गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. १९६७ च्या त्या निकालाचा तो आधार झाला नाही. पण २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा अशा बहुमताने घटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धान्त उभा राहिला, तेव्हा न्या. एच. आर. खन्ना यांनी कॉनराड यांचा उल्लेख केला. एका अभ्यासकाने शांतपणे केलेला विचार आठ वर्षांनी देशाच्या राज्यघटनेचं संरक्षण करायला उपयोगी पडला.

दुसरं उदाहरण आपल्याच मातीतलं. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडलं. १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धगमवार या चार कायदा-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. अंगावर जखमा नाहीत म्हणून संमती होती, हा निष्कर्ष कोणत्या पुराव्यावरून निघतो, असा त्यांचा सवाल होता. देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराची वेगळी तरतूद आली, आणि अशा खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं तर ते न्यायालयाने गृहीत धरावं, असं ११४-अ हे कलम पुरावा कायद्यात आलं. चौघांपैकी कुणीही ते पत्र पदवीसाठी लिहिलं नव्हतं. पण निकालपत्र वाचून त्यातल्या वस्तुस्थितीपर्यंत मागे जायचं, हीच कायद्याच्या संशोधनाची मूळ सवय आहे, आणि पदवीने ती लावावी अशी अपेक्षा आहे.

आजची पदवी ती लावते का? माझं मत असं की नियमांनी संशोधकाची वाट बरीच सोपी केली, पण तिची दिशा बदलली नाही. ही वाट अजूनही ग्रंथालयाकडून ग्रंथालयाकडेच जाते.

सुरुवात एलएल.एम.पासून करावी लागते. ही पदवी आपल्याकडे पूर्वी सगळीकडे दोन वर्षांची होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये एक वर्षाच्या एलएल.एम.ची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि पुढे राष्ट्रीय विधी विद्यापीठांनी तोच साचा स्वीकारला. महाराष्ट्रातल्या मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची स्थापना त्यानंतरची. राज्य विद्यापीठांत मात्र दोन वर्षांचा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी टिकला. बार कौन्सिल ऑफ इंडियाने जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांत एक वर्षाची पदवी बंद करण्याची तरतूद होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एक वर्षाचा अभ्यासक्रम चालू राहिला. या वादात दोन्ही बाजूंनी दर्जाची भाषा केली, पण संशोधनाच्या दृष्टीने पाहिलं तर मुद्दा वेळेचा आहे. एक वर्षाच्या अभ्यासक्रमात संशोधन पद्धतीचा पेपर सक्तीचा आहे, ही चांगली गोष्ट. पण २४ क्रेडिटांत लघुप्रबंधाच्या वाट्याला अगदी थोडी क्रेडिट येतात. विषय ठरवणं, वाचन, लेखन आणि मौखिक परीक्षा सगळं काही महिन्यांत आटपायचं असतं. अशा वेळी विद्यार्थी जवळ असतं तेच साहित्य घेतो, म्हणजे ऑनलाइन मिळणारे निकाल आणि इंग्रजी नियतकालिकांतले लेख. पुढे पीएच.डी. करायचीच आहे अशा मुलामुलींना मी दोन वर्षांची एलएल.एम. सुचवेन. दुसऱ्या वर्षी एखादं कोर्ट, एखादं न्यायाधिकरण जवळून पाहायला उसंत मिळते, आणि विषय तिथेच सापडतो.

एलएल.एम.च्या प्रवेशाची रीतही संशोधनाला पूरक नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट असो किंवा राज्याच्या सीईटी कक्षाची एलएल.एम. परीक्षा, प्रश्न बहुपर्यायी असतात. कलम कुठलं, निकाल कुठला, हे त्यात कळतं. विद्यार्थ्याला दोन पानं सलग युक्तिवाद लिहिता येतो का, हे कळत नाही. ते कळतं पीएच.डी.च्या मुलाखतीत, आणि तोवर उशीर झालेला असतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.चे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ चे आहेत. त्यांनी एम.फिल. बंद केली. कायद्यात एम.फिल. करणारे थोडे होते, पण ज्यांना पूर्ण प्रबंधाचा भार झेपणार नाही आणि संशोधनाची ओढ मात्र आहे, त्यांच्यासाठी तो मधला टप्पा होता. तो गेल्याचं मला वाईट वाटतं. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांगांना पाच टक्के सवलत आहे. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटांचं, त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतीचा भाग अनिवार्य. मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिला संशोधकांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षं मिळू शकतात. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने स्त्रीला गाव बदलावं लागलं तर आपलं संशोधन तिला दुसऱ्या विद्यापीठात नेता येतं. ही शेवटची तरतूद कागदावर लहान दिसते. पण पुण्यात नोंदणी आणि सासर नांदेडला, अशा किती जणींची पीएच.डी. तिसऱ्या वर्षी सुटली असेल, हे विधी महाविद्यालयांत वावरणाऱ्याला सांगावं लागत नाही.

आणखी एक बदल महत्त्वाचा झाला. २०१६ च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्याआधी संशोधन नियतकालिकात एक लेख आणि परिषदांमध्ये दोन निबंध सक्तीचे होते. या सक्तीने पैसे घेऊन लेख छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा वाढवला, आणि प्रमाणपत्रापुरत्या भरणाऱ्या एकदिवसीय 'राष्ट्रीय' परिषदाही. २०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढली. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची 'केअर' यादीही बंद केली. आता कुठे छापायचं याचा निर्णय संशोधक आणि मार्गदर्शक यांच्या विवेकावर आहे. काही विद्यापीठं अजूनही आपल्या नियमांत लेख मागतात. माझ्या मते नवा नियम योग्य आहे. दुसऱ्या वर्षी लेखासाठी धावपळ करण्यापेक्षा तेवढे महिने नोंदी गोळा करण्यात जावेत.

मार्गदर्शक ही कायद्यातली सगळ्यात अवघड गाठ. नियमाने प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली की नवा संशोधक घेता येत नाही. आता राज्य विद्यापीठांतले विधी विभाग आणि अनुदानित विधी महाविद्यालयं डोळ्यांसमोर आणा. पूर्णवेळ जागा रिकाम्या, आहेत त्यांतल्या अनेकांना मार्गदर्शक म्हणून मान्यता नाही, मान्यता आहे त्यांच्याकडे जागा शिल्लक नाही. मग संशोधक विषयाकडे पाहून मार्गदर्शक निवडत नाही, ज्याच्याकडे जागा आहे त्याच्याकडे पाहून विषय निवडतो. कौटुंबिक कायद्यावर काम करायचं ठरवून आलेली मुलगी सायबर कायद्यावर प्रबंध लिहिते, कारण रिकामी जागा तिथे होती. पुढे ती आयुष्यभर ज्या विषयाची तज्ज्ञ म्हणून ओळखली जाते, त्यात तिचं मन कधीच नव्हतं. पेटच्या जाहिरातीबरोबर मार्गदर्शकांची यादी आणि रिकाम्या जागा प्रसिद्ध होतात. त्या यादीत आपला विषय नसेल तर दुसऱ्या विद्यापीठाची वाट पाहण्यात एक वर्ष गेलं तरी चालेल.

आता पद्धतीकडे वळू, कारण सगळं इथे येऊन ठेपतं.

शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध खुले आहेत. विषय ठरवणाऱ्याने तिथे महिनाभर तरी बसावं. कायद्याचे प्रबंध उघडत गेलं की एक ठरलेला सांगाडा दिसू लागतो: प्रस्तावना, ऐतिहासिक आढावा, आंतरराष्ट्रीय करार, भारतातल्या तरतुदी, न्यायालयांची भूमिका, निष्कर्ष आणि शिफारशी. न्यायालयांच्या भूमिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे वीस-पंचवीस निकाल एकामागून एक सांगितलेले असतात. शिफारशींत नवा कायदा करावा, जनजागृती करावी, जलदगती न्यायालयं स्थापावीत असं म्हटलेलं असतं. अशा कामात कष्ट नसतात असं मी म्हणणार नाही. पण त्यातून वाचकाला कायदा कसा चालतो हे कळत नाही, कायद्यात काय लिहिलंय एवढंच कळतं.

तात्त्विक, म्हणजे कायद्याच्या संहितेवर आणि निकालांवर आधारलेलं संशोधन कमी दर्जाचं, असा याचा अर्थ नव्हे. कॉनराड यांचं व्याख्यान तसंच होतं. भारतरत्न पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध केलेला धर्मशास्त्राचा इतिहास तसाच आहे. उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या एका एलएल.एम. झालेल्या माणसाने तो कोणत्याही पदवीच्या सक्तीविना लिहिला. पण असं काम करायला एखाद्या संकल्पनेचा पाठलाग शेवटपर्यंत करावा लागतो, विरोधी मताला पूर्ण ताकदीने उभं करून मग उत्तर द्यावं लागतं. निकालांची जंत्री म्हणजे तात्त्विक संशोधन नव्हे. भारतीय विधी संस्थेच्या नियतकालिकात एस. एन. जैन यांनी १९७५ मध्येच या दोन प्रकारांच्या संशोधनाची नीट मांडणी केली होती, आणि त्याच सुमारास उपेंद्र बक्षी भारतातल्या समाज-कायदा संशोधनाचा आराखडा मांडत होते. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी रस्ता दाखवला गेला होता.

त्या रस्त्याने कोण गेलं, हे पाहिलं की मन खिन्न होतं. अहमदाबादच्या सत्र न्यायालयात बसून बलात्काराचे खटले प्रत्यक्ष कसे चालतात, साक्षीदार कसे फुटतात, तडजोडी कशा होतात हे प्रतीक्षा बक्षी यांनी लिहिलं; त्यांची पीएच.डी. समाजशास्त्रातली. मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्याला साध्या नागरिकांनी घटनेच्या आधारे कसं आव्हान दिलं, हे रोहित डे यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या अभिलेख कक्षातल्या कागदांतून शोधलं. ते कायद्याचे पदवीधर, पण पीएच.डी. अमेरिकेत, इतिहासात. पारशी समाज आणि मुंबईची वसाहतकालीन न्यायालयं यांच्यावरचं मित्रा शराफी यांचं पुस्तकही इतिहासाच्या अभ्यासकाचं. विधी विद्यापीठाच्या खात्यावर टाकावं असं एक मोठं काम म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा २०१६ चा फाशीच्या कैद्यांवरचा अहवाल. देशातल्या ३८५ कैद्यांपैकी ३७३ जणांच्या कहाण्या त्यात नोंदवल्या आणि त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल असल्याचं दिसलं. ते काम तरुण संशोधकांच्या गटाने केलं, एखाद्याच्या पदवीसाठी नव्हे. कायद्यावरची उत्तम पुस्तकं कायद्याच्या विभागाबाहेर लिहिली जावीत, ही विधी शाखेने मनावर घ्यायची गोष्ट आहे.

आणि सामग्री तर महाराष्ट्रात ढिगाने आहे. राज्यातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेनंतर मराठी आहे. दावे, कैफियती, रोजनामे, जबान्या, दरखास्ती यांचा मोठा भाग मराठीत आहे. उच्च न्यायालयाची भाषा घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाने इंग्रजी, म्हणून निकालसंग्रहात छापून येतो तो इंग्रजीत लिहिलेला शेवटचा अंक. त्याआधीचे अंक वाचायला ज्याला कूळ, फेरफार, हिस्सा, ताबा, वहिवाट हे शब्द अंगवळणी आहेत असा संशोधक लागतो, आणि तो सांगली, बीड, गोंदियाच्या विधी महाविद्यालयांत बसलेला आहे. इंग्रजी कच्चं म्हणून जो स्वतःला संशोधनाला नालायक समजतो, त्याच्या हातात दिल्ली-बंगळुरूच्या संशोधकाकडे नसलेली किल्ली आहे. हे त्याला कुणी सांगत नाही.

विषय किती आहेत! कूळ कायद्याचा कृषक दिन, म्हणजे कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं तो दिवस, १ एप्रिल १९५७ चा. कुळाने जमीन विकत घेण्याची, म्हणजे '३२ ग'ची प्रकरणं त्यानंतर कित्येक दशकं चालली आणि जमीन शेवटी कुणाकडे राहिली, हे एका तालुक्यापुरतं जरी कुणी दप्तरातून काढलं तरी तो प्रबंध टिकेल. सहकारी न्यायालयं महाराष्ट्राची खासियत. साखर कारखाने आणि पतसंस्थांच्या वसुलीचे दावे तिथे कसे निकाली निघतात, यावर समग्र काम व्हायला हवं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ चा, प्रत्यक्ष अमलात आला २०१७ मध्ये. त्याखाली गुन्हे नोंदवल्यानंतर फिर्यादी गावात कसा राहतो? गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला. शेजारच्या गावांचे दावे उपविभागीय समितीत कशामुळे अडले? गोव्यात तर पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आहे आणि २०१२ च्या वारसाहक्क व वाटणीच्या कायद्याने त्यातली पद्धत नव्याने बांधली. तिथल्या जुन्या नोटरींच्या नोंदी वाचायला पोर्तुगीज येणारी शेवटची पिढी आता म्हातारी होत चालली आहे. पणजी-मडगावच्या विधी विद्यार्थ्यांनी एक भाषा शिकून घेतली तर पुढची चाळीस वर्षं पुरेल एवढं काम तिथे पडून आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा जाऊन त्यांच्या जागी नव्या संहिता आल्या. तेव्हा चौथ्या-पाचव्या वर्षात असलेल्या अनेक संशोधकांचे प्रबंध एका रात्रीत जुने झाले, कारण ते कलमांवर उभे होते. ज्यांनी एखाद्या जिल्ह्यातल्या जामीन अर्जांच्या किंवा साक्षींच्या नोंदी तपासल्या होत्या, त्यांची सामग्री शाबूत राहिली. उलट नव्या कायद्याशी तुलना करायला पहिला आधार त्यांच्याच हाती आला.

प्रत्यक्ष क्षेत्रकामाची तयारी मात्र कोर्सवर्कमध्ये जेमतेम होते. प्रश्नावली वाटून शंभर उत्तरं गोळा करायची आणि टक्केवारीचे रंगीत आलेख जोडायचे, याला अनेक ठिकाणी अनुभवजन्य संशोधन म्हणतात. वकिलांना 'न्यायाला विलंब होतो असं वाटतं का' असं विचारून काही हाती लागत नाही. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर प्रलंबित खटल्यांची संख्या जिल्हावार मिळते, पण तारीख का पडली हे रोजनाम्यातच लिहिलेलं असतं. पीडितेशी, कच्च्या कैद्याशी किंवा बहिष्कृत कुटुंबाशी बोलताना संमती कशी घ्यावी, नाव कसं झाकावं, मुलाखतीने त्या माणसाचं नुकसान होणार नाही हे कसं पाहावं, याचं शिक्षण समाजकार्याच्या विद्यार्थ्याला मिळतं, विधीच्या विद्यार्थ्याला क्वचितच. हे शिकवायला बाहेरून दहा व्याख्याते बोलावले तरी फरक पडेल.

चौर्यलेखनाचे नियम २०१८ चे आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ, दहा ते चाळीस टक्क्यांना सुधारून सहा महिन्यांत पुन्हा सादर करायचं, चाळीस ते साठला वर्षभर बंदी, त्यावर नोंदणीच रद्द. तपासणीतून कायद्याच्या तरतुदी आणि श्रेय देऊन केलेली अवतरणं वगळायची असतात, हे विधीच्या संशोधकाने आणि ग्रंथपालानेही लक्षात ठेवावं. नाहीतर साम्य कमी दिसावं म्हणून कलमाची भाषाच बदलून लिहिण्याचा प्रकार होतो, आणि कायद्यात शब्द बदलला की अर्थ बदलतो.

पैशांबद्दल थोडं. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे आणि वरिष्ठ ४२,०००. ज्युनिअर वकिलांना शहरांत किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, असं बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलं, तेही सक्तीचं नाही. म्हणजे नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून अधिछात्रवृत्ती मिळवलेला संशोधक सुरुवातीच्या वर्षांत ज्युनिअर वकिलापेक्षा बऱ्या स्थितीत असतो. मात्र अशी मुलं थोडी. इतरांना बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांचा आधार आहे, आणि त्या वेळेवर व पूर्ण मिळाव्यात म्हणून संशोधकांना पुण्यात आणि मुंबईत आंदोलनाला बसावं लागलं आहे. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी पदवीधर झालं, तिथे संशोधकाचा हप्ता चार महिने थकला तर प्रबंध बाजूला पडतो आणि नोकरी शोधली जाते. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्या सगळ्यांनी आधी हे हप्ते नियमित करून दाखवावेत.

नोकरीचं गणितही बदललं आहे. सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. सक्तीची करण्याचा विचार आधी पुढे ढकलला गेला आणि जुलै २०२३ पासून नेट किंवा सेट पुरेशी ठरली. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. पुढच्या पदोन्नतीला पीएच.डी. लागते. यामुळे घाईघाईने नोंदणी करणारे कमी झाले तर चांगलंच आहे. वकिलांसाठी अंशकालीन पीएच.डी.ची सोय आहे, आणि वकिली सांभाळून रोज तीन तासांपर्यंत विधी महाविद्यालयात शिकवण्याची मुभा १९७९ पासून आहे. मला या गटाकडून सर्वांत जास्त आशा वाटते. पंधरा वर्षं मोटार अपघात दाव्यांचं काम केलेल्या वकिलाला जे ठाऊक असतं ते कुठल्याही निकालसंग्रहात नसतं. त्याला फक्त आपलं ज्ञान पुराव्याने मांडायची शिस्त शिकायची असते.

परदेशाची वाट अनेकांना खुणावते आणि ती जुनीही आहे. नाशिकजवळ जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा दिली, पण स्त्री म्हणून पदवी हाती पडायला १९२२ उजाडलं. माजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांची हार्वर्डची एस.जे.डी. १९८६ ची. अमेरिकेत या डॉक्टरेटसाठी आधी एलएल.एम. लागते, ब्रिटनमध्ये पीएच.डी. तीन-चार वर्षांची, प्रबंध साधारण ऐंशी हजार ते एक लाख शब्दांचा, आणि सगळं अवलंबून असतं अर्जाबरोबरच्या संशोधन आराखड्यावर. तिथली ग्रंथालयं मोठी आहेत, मार्गदर्शक दर पंधरवड्याला प्रकरण वाचून परत देतो, हे खरं. पण भारतीय कायद्यावरच काम करायचं असेल तर कागद आणण्यासाठी शेवटी इथल्याच कोर्टात यावं लागतं.

आणि कोर्टात आल्यावर दारातच थांबावं लागतं. निकाली निघालेल्या दाव्याची प्रमाणित नक्कल पक्षकाराला सहज मिळते. त्रयस्थाला कारण देऊन अर्ज करावा लागतो. न्यायालयीन कागद माहिती अधिकारात मागता येणार नाहीत, उच्च न्यायालयाच्या नियमांनुसारच मागावे लागतील, असं सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं. संशोधक विद्यापीठाचं पत्र घेऊन जिल्हा न्यायाधीशांकडे जातो. एखादे न्यायाधीश आस्थेने अभिलेख कक्ष दाखवतात, एखाद्या ठिकाणी अर्ज टेबलावरच राहतो. एकाच विषयावर काम करणाऱ्या दोघांपैकी एकाला साताऱ्यात कागद मिळतात आणि दुसऱ्याला शेजारच्या जिल्ह्यात मिळत नाहीत. 'मान्यताप्राप्त विद्यापीठाचा नोंदणीकृत संशोधक' असा अर्जदारांचा स्वतंत्र वर्ग उच्च न्यायालयाच्या नियमांत घालता येईल: मार्गदर्शकाची हमी, नावं झाकण्याचं प्रतिज्ञापत्र, इन-कॅमेरा चाललेली आणि बालकांची प्रकरणं वगळून ठरावीक वर्षांच्या निकाली नोंदी जागेवर बसून वाचण्याची परवानगी, आणि अर्जावर तीस दिवसांत निर्णय. राज्यातल्या विद्यापीठांचे विधी अधिष्ठाते आणि तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे कुलगुरू यांनी मिळून असा मसुदा मुंबई उच्च न्यायालयाच्या महाप्रबंधकांकडे द्यावा.